शेवटचं अक्षर

मानशीची फळी रात्री दोन सतराला पडली.
हे कुणीच नाकारत नाही.
दत्तेश वळवईकर तर नाहीच,
कुणी सव्वादोन म्हटलं की तो कान झाकतो.

कुंभारजुव्याच्या खाजनात
भरती चढायच्या आत फळी पडावी लागते,
नाहीतर खारं पाणी भातात.
बंदरखात्याची भरतीची वही त्याला तोंडपाठ,
एकेक दिवस, पुढल्या डिसेंबरपर्यंत.
त्या रात्री मानस पावणीत घेतलेल्या माणसानं
फळी वर टांगून ठेवलेली,
चार सुंगटं जास्त मिळावीत म्हणून.
आणि खाली, छातीएवढ्या पाण्यात,
अडकलेलं जाळं सोडवत होता
त्याचा मजूर, कुष्टा फातर्पेकर.

मी तेव्हा ठाण्यावर रायटर.
माझं मराठी शुद्ध, म्हणून जबाब माझ्याकडे.
फौजदार विचारत होते:

फळी तूच सोडलीस?
सोडलीस.
खाली माणूस होता, माहीत होतं?
माहीत होतं?
मुद्दाम केलंस?
मुद्दाम केलंस.

मी लिहिलं: फळी मीच सोडली.
खाली माणूस होता हे मला माहीत होतं.
मी हे मुद्दाम केलं.

दोन स आणि एक प्रश्नचिन्ह
कागदाबाहेर राहिलं.
वेलांटी सुधारावी तसं मी ते सुधारलं,
हात थांबलासुद्धा नाही.

दारात त्याची आई उभी होती.
म्हणाली, साहेब, तो विचारलेलंच परत देतो,
दुकानात सुटे परत देतात तसं. मोजून.
घरी आम्ही त्याला शाणू म्हणतो.
फौजदार म्हणाले, बाई, बाहेर बसा.
मी शाणू लिहिलं नाही.
त्या नावाला रकाना नव्हता.

पुढे कोर्ट. बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हे वेड नव्हे, हे म्हणजे
सरकारी वकिलांनी तिथंच त्यांचे आभार मानले.
न्यायाधीशांनी विचारलं, तुला वाईट वाटतं का?
तो पंख्याकडे बघत होता.
पंख्याचं एक पातं बाकीच्यांहून मळकं होतं,
त्याच्यामुळे मलाही ते दिसलं.
पेशकारानं लिहून घेतलं:
आरोपी नजर देत नाही.

दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात
कुष्टाची बायको त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.
शिपाई पुढे झाला, तिनं हातानंच त्याला थांबवलं.
रे, तो ओरडला का?
शाणूनं तिचे शब्द परत दिले नाहीत.
पुष्कळ वेळानं म्हणाला,
दोन एकवीसला पाणी थांबलं.
तिच्या चपलांकडे बघत म्हणाला.
ती तिथंच बाकावर बसली, त्याच्यापासून हातभर लांब,
आणि पुकारा होईपर्यंत बसून राहिली.
ती काय समजली, मला ठाऊक नाही.
एवढं ठाऊक आहे की त्या अख्ख्या खटल्यात
त्याचं स्वतःचं असं ते एकच वाक्य,
आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

मग साक्षीला मी.
हा जबाब तुम्हीच लिहिलात?
लिहिला.

त गळला. आपोआप.
सगळ्यांचा गळतो तसा, श्वासासारखा,
माझा, वकिलांचा, आत्ता तुम्ही वाचताय तर तुमचाही.
पिंजऱ्यात तो एकटाच असा
ज्याला दिलेलं अक्षर खाली ठेवता येत नाही.

मी म्हटलं, साहेब, वाचण्याआधी एक सांगायचंय,
ह्यात मी दोन ठिकाणी
वकील म्हणाले, विचारलं तेवढंच बोला.

चार वाजून पाच मिनिटांनी दत्तेश उभा राहिला.
बाहेर कुठंतरी, मांडवीच्या तोंडाशी, पाणी फिरलं असणार.
बस खाली, न्यायाधीश म्हणाले.
बस खाली, तो म्हणाला,
आणि उभाच राहिला.